मागं कोण हाय?

2019च्या गणपतीत आम्ही काळाचौकीला मामांच्या खोलीवर गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, बायका आतल्या खोलीत गप्पांना बसल्या, आणि माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने मामांना सरळच विचारलं, "आजोबा, मुंबईत झॉम्बी आले तर तुम्ही कुठली बंदूक घ्याल?"

तो आणि त्याचे मित्र तेव्हा महिनाभर याच विषयात बुडालेले होते. वहीच्या शेवटच्या पानावर यादी होती: एके-47, स्नायपर, शॉटगन, जपानी तलवार, लाकूड कापायची चेन-सॉ. मामा हसून सोडून देतील असं मला वाटलं. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"किती हाईत?"

"हजारो."

"पळत्यात का चालत्यात?"

"चालतात. पण थांबत नाहीत. चावले की आपणही त्यांच्यातलेच. आणि डोक्यात घाव बसल्याशिवाय पडत नाहीत."

"बरं. ह्या दारातनं बघ आन् सांग, किती पावलांवर दिसतील?"

मुलगा दारात जाऊन उभा राहिला. बाहेर चार फूट रुंदीची गॅलरी, डावीकडे अकरा दारं आणि मग जिना. तो पावलं मोजत जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "बावीस."

"म्हंजी बावीस पावलांची लढाई. आता वाच तुजी यादी."

मामा मूळचे जावळी खोऱ्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीत पंधरा वर्षं काढली आणि नंतर फोर्टातल्या एका बँकेच्या दाराशी चोवीस वर्षं दुनळी घेऊन बसले. सगळं आयुष्य हत्याराच्या सोबतीने काढलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून ती यादी तपासली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून आहे आणि मला तो पोरकट वाटत नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मे 2011मध्ये झॉम्बी आले तर काय तयारी ठेवायची, हे लोकांना रीतसर सांगितलं होतं. ती तयारी खरं तर वादळ, पूर, साथ यांचीच होती, पण लोकांनी ती वाचावी म्हणून झॉम्बींचं नाव घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडमधल्या प्रशिक्षणार्थींनी झॉम्बींविरुद्ध लष्करी योजना लिहिली. खऱ्या देशाचं नाव घेऊन सराव केला तर उगाच गैरसमज होतात, म्हणून शत्रू असा निवडला की कुणाला राग येऊ नये. सीडीसीच्या सामानाच्या यादीत पाणी, अन्न, औषधं, रेडिओ, कागदपत्रं, प्रथमोपचाराचं साहित्य अशाच गोष्टी होत्या. बंदुकीचं नाव नव्हतं. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो हिरमुसला होता.

आणखी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. झॉम्बी हा मुळात चावणारा राक्षस नव्हताच. हैतीमध्ये फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवत. मेल्यावर तरी सुटका व्हावी, तर तिथेही कुणी मांत्रिक उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही तिथली भीती. म्हणजे मूळ गोष्टीत झॉम्बी हा भिण्याचा नाही, कीव यावी असा माणूस. आपल्याकडे सकाळच्या लोकलमधल्या गर्दीला सर्रास झॉम्बी म्हणतात, ते मला आवडत नाही. त्या गर्दीत डोळे मिटून उभा असलेला माणूस कुणाच्या तरी फीचे पैसे कमवायला निघालेला असतो.

आता शॉटगन. मुलाचा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर होता, आणि मामांची दुनळी म्हणजे शॉटगनच, बारा बोरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोर. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. मी ती हातात धरलेली आहे.

मी दहा वर्षांचा असेन. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची आणि आई मला मामांचा डबा घेऊन पाठवायची. एकदा बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि मामा बंदूक आत जमा करायच्या तयारीत होते. त्यांनी दुनळी मधून मोडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली, खिसा वरून थोपटला आणि मग नळ्या माझ्या डोळ्यांसमोर धरल्या. तेलाचा वास आला. आत आरशासारखी लकाकी होती आणि टोकाला उजेडाची दोन गोल नाणी.

"काय दिसतं?"

"उजेड."

"उजेडात कोण हाय?"

मी नीट पाहिलं. उजव्या नाण्यात काउंटरपलीकडे एक शिपाई चहाचे रिकामे ग्लास गोळा करत होता. एवढासा दिसत होता, मुंगीएवढा. त्याला काही पत्ता नव्हता. मी सांगितलं. मामांनी लगेच नळ्या खाली केल्या.

"बंदूक उचलायच्या आदी बघायचं, मागं कोण हाय? म्होरचा दिसतोच. मागचा दिसत न्हाई."

चोवीस वर्षांत त्यांनी बँकेत एकदाही घोडा ओढला नाही. पण रोज सकाळी स्टुलावर बसल्यावर, समोरून कुणी चालून आला तर त्याच्या मागे काय असेल, हे ते बघून ठेवायचे. काउंटर, काच, रांग, पासबुक भरून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या. त्यांच्या हिशेबाने त्या बँकेत गोळी झाडता येईल अशी एकच दिशा होती, उजवीकडच्या खांबाची. म्हणून ते कायम त्या खांबाच्या समोर बसायचे. बँकेतल्या लोकांना वाटायचं, पंख्याखाली बसतात.

झॉम्बींच्या बाबतीत दुनळीचा हिशोब मामांनी दोन वाक्यांत संपवला. दोन बार. मग मोडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी भरायची, आणि तेवढ्यात तिसरा अंगावर. काडतुसं जड, शंभर घेतली तर चार किलोच्या वर ओझं. आणि आवाज. चाळीच्या गॅलरीत बारा बोर उडाली तर स्वतःच्या कानांचे पडदे राहायचे नाहीत, वर लालबागपासून कॉटन ग्रीनपर्यंत जो कोणी चालतोय तो आपल्याकडे वळणार.

एके-47वर मामांनी फार वेळ घालवला नाही. मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं. "आन् चौथ्या सेकंदाला?" एवढंच त्यांनी विचारलं. पण एके-47 म्हटलं की मुंबईकराच्या मनात एकच रात्र उभी राहते आणि आमचं बोलणं तिथे गेलंच.

26 नोव्हेंबर 2008च्या रात्री सीएसटीवर पोलिसांकडे होत्या त्या .303 रायफली, म्हणजे एक गोळी झाडायची, बोल्ट ओढायचा, मग दुसरी. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी त्यातलीच एक घेऊन गोळी झाडली आणि नंतर हाताला लागली ती खुर्ची फेकून मारली. उद्घोषणा करणारे विष्णू झेंडे वरच्या काचेच्या खोलीतून सगळं बघत होते. ते माइक सोडून पळाले नाहीत. मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि फलाटावर येणारी माणसं वळत राहिली. त्या स्टेशनात त्या रात्री सगळ्यात जास्त जीव वाचवणारं हत्यार माइक होतं, असं मी मानतो. कुठल्याही यादीत मी आता तो सगळ्यात वर लिहीन.

आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे. मामांच्या जावळीचेच, केडंब्याचे. हातात बंदूक नसताना त्यांनी कसाबच्या एके-47ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मुलाने विचारलं, नळी का धरली असेल, बाजूला का नाही झाले? मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्येला ठावं होतं, मागं कोण हाय."

मागे त्यांचे सहकारी होते.

.303ची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. माणसाच्या आरपार जाऊन ती थांबत नाही. चाळीतल्या दोन खोल्यांमधल्या लाकडी फळीची पार्टिशन तिच्यापुढे कागद. आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, दादरच्या फुलबाजारात, भायखळ्याच्या पुलावर, धारावीच्या नव्वद फुटी रस्त्यावर उभं राहून कुठल्या दिशेला नेम धरला तर मागे भिंतच असेल, माणूस नसेल? मी या शहरात हिंडताना हा खेळ खरोखर खेळतो. समुद्राकडे तोंड केलं तरच जमतं, आणि तिथेही होड्या असतात.

मी स्वतः फक्त .22 चालवली आहे, कॉलेजात एनसीसीमध्ये. वाळूच्या पोत्यामागे पालथं पडायचं, दस्ता खांद्याच्या खळग्यात, गाल लाकडाला टेकलेला. पाच गोळ्या मिळायच्या. हिंदी हुकमांत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणायचे. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम, हे मला तिथे पोटावर पडल्या पडल्या कळलं. .22 मला आजही आवडते. शंभर काडतुसं साडेतीनशे ग्रॅमच्या आत, धक्का जवळजवळ नाही, आवाज दुनळीच्या मानाने कितीतरी कमी. कोल्हापूरचे स्वप्निल कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, यांनी 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरवरून .22नेच कांस्यपदक आणलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही आसनांत ते साधायचं. तेव्हा डोक्यातच मारायचं असेल तर .22 आणि असा माणूस, इतकं पुरे.

पण असा माणूस घडायला वर्षं जातात, आणि लक्ष्य त्याच्यासमोर स्थिर उभं असतं. शिवाय त्या नाजूक गोळीचा पल्लाही दीड किलोमीटरच्या घरात आहे. काळाचौकीतून चुकलेली गोळी परळमध्ये कुणाच्या गच्चीवर पडू शकते. आणि परवाना कुठे आहे? मुंबईत बंदुकीचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, तोही सबळ कारण दाखवून. 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणूक आली की परवान्यावरची बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे घोडा ओढला की गोळी, ही चैन या शहरात बहुतेकांच्या घरात नाहीच. मला ते बरं वाटतं, आणि हे मी बंदुकीविषयी आदर बाळगून म्हणतो आहे.

मुलाने मग आगीचा पर्याय काढला. पेट्रोलच्या बाटल्या. त्यावर मामांनी गॅलरीच्या टोकाला नेऊन त्याला गोदीची दिशा दाखवली. 14 एप्रिल 1944ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. कापसाच्या पेटत्या गाठी उडून वस्तीवर पडल्या आणि दुसऱ्याच आगी लागल्या. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. मामा तेव्हा जन्मलेलेही नव्हते, पण त्या भागातल्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगितली जाते. पेटलेला झॉम्बी चालायचा थांबत नाही, आणि इथे प्रत्येक खोलीत गॅसचा सिलिंडर आहे.

जपानी तलवारीच्या जागी मी दांडपट्टा सुचवला. राज्य सरकारने 2024मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ती बातमी आली तेव्हा ही संध्याकाळ मला पुन्हा आठवली. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ते याच हत्याराच्या जोरावर, असं सांगतात. पण पट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोळ असते, मनगट वळत नाही, सगळा फेर खांद्यातून. भोवती मोकळं रिंगण लागतं. चार फुटांच्या गॅलरीत पहिला फटका कठड्यावर आणि दुसरा मामींच्या तुळशीवर. कोयता, सुरा, कुऱ्हाड यांना रिंगण लागत नाही, पण मग तो इतका जवळ आलेला असतो की त्याचे दात आपल्या हातापर्यंत पोचतात. पहार उचलून तिसऱ्या फटक्याला दम लागतो.

शेवटी मामांनी दारामागची काठी काढली. वेळूची, कानाएवढी उंच, टोकाला लोखंडी कडं. दोन्ही हातांनी आडवी धरून त्यांनी ती मुलाच्या छातीवर टेकवली.

"मारायचं न्हाई. ढकलायचं. छातीला लाव, जोर दे, एक पाऊल मागं ये, दार लाव, आडणा टाक. बावीस पावलांची लढाई दाराशी संपवायची."

"पण मग तो मरणार नाही," मुलगा म्हणाला.

"आरं, त्यो कोण हाय? ह्या जिन्यावरनं कोण येणार? खालच्या मजल्यावरचा, न्हाईतर शेजारचा. आजारी माणूस. उद्या औषिद निघालं तर?"

मला हे त्या क्षणी पटलं नव्हतं. गोष्टीतल्या झॉम्बीला औषध नसतं, हाच तर नियम. पण मामांच्या चाळीपासून परळची हाफकिन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1896मध्ये मांडवीत प्लेग आला, डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असा समज झाला होता. हातात दगड आणि काठ्या, आणि समोर रुग्णालय. झडतीवाले येतात म्हणून घराघरांत रोगी लपवून ठेवले जायचे. आणि त्याच शहरात 10 जानेवारी 1897ला डॉ. हाफकिन यांनी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. रोग ओळखल्यापासून साडेतीन महिन्यांत. ज्यांना कुणी त्याआधी घाबरून ठार केलं असतं, त्यांच्यासाठी साडेतीन महिने म्हणजे काय?

कोविड आला तेव्हा मला मामांची काठी आठवली. आमच्या गल्लीच्या तोंडाला आम्ही मंडपाचे बांबू आडवे बांधले होते. एका रात्री पलीकडे एक बाई उभी होती, आमच्याच इमारतीतली, तापाने फणफणलेली, तपासणी करून परतलेली. बांबूच्या अलीकडे आम्ही सात-आठ जण होतो. कुणी बांबू सोडेना. मीही धरून होतो. अर्ध्या तासाने तिच्या नवऱ्याने येऊन गाठ सोडली. तिची नजर मला अजून दिसते. ढकलणं आणि दार लावणं यात तिसरी गोष्ट असते, दाराबाहेरच्याचं काय झालं ते बघण्याची. ती आम्ही केली नाही.

गेल्या दोन वर्षांत मामांचं सगळं पुसट होत चाललंय. वर्षं, नावं, नाती. मामींना ओळखतात, कधीकधी मला.

गेल्या श्रावणात संध्याकाळी गेलो तेव्हा गॅलरीतला दिवा गेलेला होता. दार अर्धं उघडं. मी चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं, तोच काठी छातीवर आली. आडवी, दोन्ही हातांत, मुठी खांद्याएवढ्या अंतरावर. कड्याचा थंडपणा शर्टातून लागला. मामांचे डोळे माझ्यावर होते, पण त्यात मी नव्हतो. मी नाव सांगितलं. त्यांनी जोर दिला. लागलं नाही अजिबात, फक्त मी उंबऱ्याच्या बाहेर गेलो. एक पाऊल मागे, दार लागलं, आडणा पडल्याचा आवाज आला.

मी गॅलरीत उभा राहिलो. शेजारच्यांनी डोकावून पाहिलं, मी हाताने थांबवलं. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, दाराला अगदी लागून.

"मामा, मीच आहे."

बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, एकदम जुना, बँकेतला.

"मागं कोण हाय तुज्या?"

मी वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी मामी होत्या, हातात दुधाची पिशवी, कठडा धरून दम खात.

"मामी हाईत," मी म्हणालो.

आडणा निघाला.